बनारसचं हरिकेन, बंगळुरूचं स्पिटफायर : इंग्लंडच्या जुन्या धावपट्ट्यांवरचा आठवडा

महायुद्धातली विमानं इंग्लंडमध्ये अजून उडतात, हे विमानवेड्यांना सांगायला नको. पण त्यांतली काही आयुष्याचा मोठा भाग भारतात काढून परत गेली आहेत, हे मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या प्रेक्षकांतही फार थोड्यांना ठाऊक असतं. एक, हरिकेन हे लढाऊ विमान, बनारसच्या कॉलेजच्या आवारात ऊनपाऊस खात उभं होतं. दुसरं, स्पिटफायर, तेही लढाऊच, बंगळुरूजवळ प्रशिक्षणार्थींच्या हाताखाली होतं. आणि लिबरेटर नावाची बाँबर विमानं पुण्याहून समुद्रावर गस्त घालत होती. सप्टेंबरातला हा आठवडा त्यांच्याच मागावर आखलेला आहे. सुरुवात ओल्ड वॉर्डनच्या रविवारच्या कार्यक्रमाने आणि शेवट केंब्रिजजवळच्या डक्सफर्डच्या शनिवारच्या हवाई मेळ्याने, मधल्या दिवसांत लंडनमधलं हेंडन आणि लिंकनशर.

गाडी भाड्याने घेणं सोयीचं. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये बारा महिने गाडी चालवता येते आणि वाहतूक डाव्या बाजूनेच आहे. लंडनच्या आसपास रेल्वे चालते, लिंकनशरमध्ये मात्र गाडीशिवाय दिवस फुकट जातात. मेळ्यांची तिकिटं आणि कनिंग्सबीच्या हवाई तळाची फेरी घरूनच आरक्षित करावी. दारात तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नये.

रविवार : ओल्ड वॉर्डन

बेडफर्डशरमधलं हे मैदान शटलवर्थ संग्रहाचं घर. लंडनच्या सेंट पँक्रसहून बिगल्सवेडपर्यंत थेट रेल्वे आहे, पुढे टॅक्सी. रविवारी टॅक्स्या कमी असतात, म्हणून परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवावी. कार्यक्रम दुपारी असला तरी सकाळीच पोचावं, कारण हँगरची दारं उघडी असतात आणि विमानं एकेक करून हाताने बाहेर ढकलली जातात. ते बघणं अर्ध्या कार्यक्रमाइतकं मोलाचं आहे.

इथली धावपट्टी गवताची आहे आणि प्रेक्षकांची रेषा मध्येच वळते. त्या वळणामुळे विमान प्रेक्षकांभोवती कमान घेत जातं आणि त्याची पाठ, म्हणजे पंखांची वरची बाजू, समोर दिसते. सरळ रेषेच्या मोठ्या मेळ्यांत पोटच जास्त दिसतं. दुपार कलली की ऊन पाठीमागून येतं. फोटो काढणाऱ्यांनी ओल्ड वॉर्डनला पहिली पसंती द्यावी ती यासाठी. पंख्याची विमानं टिपताना शटर १/१२५ ते १/२५० सेकंदांच्या दरम्यान ठेवावं. त्याहून वेगात पंखा गोठतो आणि चालू विमान बंद पडल्यासारखं दिसतं. हात स्थिर नसेल तर १/२५० पासून सुरू करून हळूहळू खाली यावं.

पहिल्या महायुद्धाची विमानं आली की नाकाला एरंडेलाचा वास येतो. एव्हरो ५०४ के सारख्या विमानात रोटरी इंजिन असतं. त्यात क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का बसवलेला असतो आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती फिरतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच जातं, त्यामुळे साधं खनिज तेल वापरलं तर पेट्रोल ते धुऊन नेतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही म्हणून ते वापरायचं. वापरलेलं तेल परत टाकीत येत नाही, ते सरळ बाहेर फेकलं जातं आणि विमानाच्या पोटावर व वैमानिकाच्या चष्म्यावर बसतं. वेग कमी करायला आजच्यासारखा थ्रॉटल नाही. उतरताना वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडतो आणि सोडतो, म्हणून इंजिन मधूनमधून गप्प होऊन पुन्हा भडकताना ऐकू येतं. नवख्यांना वाटतं बिघाड झाला. तसं काही नसतं. बटण फार वेळ दाबून ठेवलं तर मात्र न जळलेलं पेट्रोल साचतं आणि पुढच्या ठिणगीला आग लागू शकते.

ब्रिस्टल फायटर हे भारताच्या वायव्य सरहद्दीवर रॉयल एअर फोर्सने बरीच वर्षं वापरलेलं दोन आसनी विमान. त्याचं रोल्स रॉइस फाल्कन इंजिन बारा सिलिंडरचं. ते चालू करायला कधीकधी हक्स स्टार्टर आणतात: फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीवर बसवलेला लांब दांडा. दांड्याचं टोक पंख्याच्या मध्यावरच्या खाचेत अडकवायचं, गाडीच्या इंजिनाने पंखा फिरवायचा, विमानाचं इंजिन पेटलं की खाच आपोआप सुटते आणि गाडी मागे घेतात. हे चालू असेल तर बाकी सगळं सोडून तिकडे जावं.

लायसँडर आलं की मुंबईकरांनी विशेष लक्ष द्यावं. १९४१ मध्ये भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला मिळालेली लायसँडर मुंबईच्या युद्धनिधीतून दिलेली होती. ती टेहळणीसाठी बनवलेली होती. १९४२ च्या सुरुवातीला स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार यांनी ब्रह्मदेशात लायसँडरखाली बाँब अडकवून जपानी विमानतळांवर हल्ले केले. ओल्ड वॉर्डनला हे विमान उतरताना पंखांच्या पुढच्या कडेवरच्या पट्ट्या बघाव्यात. वेग कमी झाला की त्या आपोआप पुढे सरकतात आणि पंखांच्या मागच्या कडेच्या झडपाही त्यांच्याबरोबर उतरतात, वैमानिकाला वेगळी कळ ओढावी लागत नाही. त्यामुळेच एवढं मोठं विमान इतक्या थोड्या जागेत थांबतं. मजुमदार पुढे १९४५ च्या फेब्रुवारीत लाहोरला हवाई कसरती दाखवताना हरिकेनमध्ये मरण पावले.

आता हरिकेन. आर ४११८ या क्रमांकाचं हरिकेन ओल्ड वॉर्डनच्या कार्यक्रमांत वारंवार आलेलं आहे आणि या आठवड्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं विमान माझ्या मते तेच. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत ६०५ व्या स्क्वाड्रनकडून त्याने ४९ उड्डाणं केली. युद्धाच्या उत्तरार्धात ते खोक्यात भरून भारतात पाठवलं गेलं आणि शेवटी बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी पोचलं. पीटर व्हॅचर यांनी ते तिथे १९८२ मध्ये पहिल्यांदा पाहिलं. परवानग्या मिळून ते इंग्लंडला जायला २००१ उजाडलं. सफक परगण्यात त्याची पुनर्बांधणी झाली आणि २००४ च्या डिसेंबरात ते पुन्हा उडालं.

स्पिटफायरच्या मानाने उडणारी हरिकेन इतकी कमी का, याचं उत्तर पंखाच्या मधल्या भागात आहे. स्पिटफायरचं अंग बहुतेक ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, ते नव्याने घडवणारे कारखाने आहेत. हरिकेनच्या मधल्या भागातले आडवे दांडे मात्र बारा कोनांच्या पोलादी नळ्यांचे आहेत, दुर्बिणीच्या नळ्यांसारख्या एकात एक बसवलेल्या. पत्रा लाटून असा कोनदार आकार अचूक मापात आणायला खास रोलर बनवावे लागतात, आणि माप जरा चुकलं तर आतली नळी बसत नाही. मागचं धड पोलादी नळ्या, लाकडी पट्ट्या आणि ताणून रंगवलेलं कापड. नळ्यांची टोकं चौकोनी करून पट्ट्या आणि बोल्टने जोडलेली असतात, वेल्डिंग नाही. म्हणूनच बनारसला उघड्यावर राहिलेलं, पण बहुतेक मूळ भाग शाबूत असलेलं विमान इतकं मोलाचं ठरलं.

मैदानावर हरिकेन आणि स्पिटफायर एकत्र आले तर चाकं बघावीत. हरिकेनची चाकं आत, पोटाकडे मिटतात आणि उतरताना एकमेकांपासून लांब असतात. स्पिटफायरची बाहेर, पंखांच्या टोकाकडे मिटतात आणि जमिनीवर जवळजवळ असतात. खडबडीत मैदानावर हरिकेन का स्थिर धावतं, ते तिथेच कळतं.

दिवस संपताना वारा पडला तरच सर्वांत जुनी विमानं बाहेर येतात. १९०९ चं ब्लेरिओ तर धावपट्टीच्या सरळ रेषेतच छोटी उडी मारतं. त्याला पंखाचं टोक हलवायला आजच्यासारख्या पट्ट्या नाहीत, अख्खा पंखच तारांनी पिळतात, त्यामुळे वाऱ्याच्या एका झुळकीलाही उत्तर द्यायला वेळ लागतो. वारा असेल तर ते रद्द होणार, हे धरूनच जावं.

सोमवार : हेंडन

नॉर्दर्न लाइनवरचं कॉलिंडेल स्टेशन, तिथून दहाएक मिनिटं चालत. प्रवेश विनामूल्य, गाडी लावायचे मात्र पैसे. रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या दोन जागा आहेत, हेंडन आणि मिडलंड्समधलं कॉसफर्ड. विमानं दोन्हींमध्ये हलवली जातात. एखादं ठरावीक विमान बघायचं असेल तर ते सध्या कुठे आहे, हे आधी तपासून जावं.

संग्रहातली दोन विमानं आपली आहेत. पहिलं टेंपेस्ट मार्क २ (मार्क म्हणजे आवृत्ती) हे लढाऊ विमान, रॉयल एअर फोर्सचा क्रमांक पीआर ५३६, भारतीय वायुदलात एचए ४५७. टेंपेस्ट विमानं काश्मीरच्या १९४७-४८ च्या लढाईत होती. त्याचं ब्रिस्टल सेंटॉरस इंजिन अठरा सिलिंडरचं असून त्यात नेहमीच्या उघडझाप करणाऱ्या झडपा नाहीत. सिलिंडर आणि पिस्टनच्या मध्ये छिद्रांची नळी सरकते आणि तिच्यातून हवा आत-बाहेर जाते. आवाज गुळगुळीत येतो, पण ती नळी घासली किंवा तेल कमी पडलं की इंजिन आतून फाटतं, आणि सुट्या भागांची मारामार आहे. सेंटॉरसच बसवलेल्या सी फ्युरी विमानांत कित्येक मालकांनी अमेरिकन इंजिन घातलं आहे, ते याच कारणाने.

दुसरं लिबरेटर, केएन ७५१. युद्ध संपल्यावर रॉयल एअर फोर्सने कानपूरला अनेक लिबरेटर सोडून दिली, तीही पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून उडण्याइतकी विमानं उभी केली, आणि जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळुरूला नेली. १९४८ च्या अखेरीस त्यांच्यावर पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनने लिबरेटर सागरी गस्तीसाठी वापरली आणि १९६८ पर्यंत उडवली. जगात इतर बहुतेक ठिकाणी ही जात भंगारात गेलेली असताना अनेक संग्रहालयांना लिबरेटर मिळाली ती भारताकडून. केएन ७५१ हे १९७४ मध्ये ब्रिटनला आलं. अमेरिकेतल्या हवाई मेळ्यांत तीनेक दशकं उडलेलं कॉलिंग्ज फाउंडेशनचं लिबरेटरही मूळचं भारतीय वायुदलाचंच. जगभरच्या माहितीफलकांवर या कानपूरच्या कामगिरीला एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळायला हवी, असं मनापासून वाटतं.

बाकीचं चटकन बघून होतं: १३७ मोहिमा केलेलं लँकेस्टर बाँबर ‘एस फॉर शुगर’, आणि जगात पूर्ण अवस्थेत उरलेल्या दोन जर्मन स्टुका बाँबरांपैकी एक.

मंगळवार : कनिंग्सबी

लंडनहून लिंकनशरपर्यंत गाडीने साडेतीन तास धरावेत. मुक्कामाला वुडहॉल स्पा बरं. तिथलं पेटवुड हॉटेल युद्धात ६१७ व्या स्क्वाड्रनच्या अधिकाऱ्यांची मेस होतं.

कनिंग्सबी हा चालू लष्करी तळ आहे, टायफून विमानं डोक्यावरून जात असतात. तिथेच बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइटचं हँगर. १९५७ मध्ये सुरू झालेल्या या ताफ्यात लँकेस्टर पीए ४७४, दोन हरिकेन, काही स्पिटफायर आणि एक डकोटा मालवाहू विमान. आठवड्याच्या दिवशी मार्गदर्शकाबरोबर फेरी असते. मार्गदर्शक बहुतेक निवृत्त वायुसैनिक, त्यांना नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर मिळतं. पीझेड ८६५ हे कारखान्यातून बाहेर पडलेलं शेवटचं हरिकेन, आणि पी ७३५० हे स्पिटफायर १९४० मध्ये प्रत्यक्ष लढलेलं.

उन्हाळ्यात गेलात तर विमानं बाहेर कार्यक्रमांना गेलेली असू शकतात. हिवाळ्यात सगळी आत, पण उघडून ठेवलेली. दुरुस्ती बघायची असेल तर हिवाळाच खरा. लँकेस्टरचे उड्डाणाचे तास दर वर्षी मोजून दिले जातात, कारण पंखाच्या मुख्य दांड्याचा थकवा फक्त तासांवर नाही तर किती जोराने वळलं त्यावरही अवलंबून असतो. त्यामुळे हे विमान कार्यक्रमात सौम्य वळणंच घेतं.

इथल्या डकोटापाशी भारताचा एक धागा आहे. भारतीय वायुदलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यातलं डकोटा ‘परशुराम’ इंग्लंडमध्येच दुरुस्त झालं आणि २०१८ मध्ये उडत भारतात आलं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते वायुदलाला भेट दिलं. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. त्याला व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाचा तो क्रमांक. इंग्लंडहून भारतापर्यंत येताना अशा विमानाची अडचण वेगाची नसते. पिस्टन इंजिनाला लागणारं १०० ऑक्टेनचं पेट्रोल वाटेवरच्या बऱ्याच मोठ्या विमानतळांवर मिळत नाही, ते आधी पिंपांतून पोचवून ठेवावं लागतं. उष्ण हवेत जड टाक्यांनी उड्डाण घेणं ही दुसरी अडचण.

बुधवार : ईस्ट कर्कबी

कनिंग्सबीहून गाडीने थोड्याच अंतरावर. इथलं विमान संग्रहालय रविवारी बंद असतं. इथलं लँकेस्टर एनएक्स ६११, ‘जस्ट जेन’, उडत नाही, पण चारही इंजिनं चालू करून मैदानावर धावतं. धावण्याचे दिवस ठरलेले असतात, पैसे भरून आत बसताही येतं, मात्र जागा फार आधी भरतात. पँटन बंधूंनी हे विमान न्यूरेंबर्गच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या आपल्या भावाच्या आठवणीसाठी घेतलं. १९४५ मध्ये अतिपूर्वेच्या लढाईसाठी बांधलेलं, पुढे फ्रेंच नौदलाने वापरलेलं.

बाहेर उभं राहून ऐकायचं तर शेपटीच्या मागे नको, धुळीचा लोट येतो. पंखाच्या टोकाच्या रेषेत, वाऱ्याच्या बाजूला उभं राहावं. चार मर्लिन इंजिनं वेगवेगळ्या फेऱ्यांवर असतील तर आवाजात एक लाट येत-जात राहते. चालक फेऱ्या जुळवतो तशी ती लाट लांबत जाते आणि शेवटी नाहीशी होते. कान देऊन ऐकलं तर जुळणी झाल्याचा क्षण पकडता येतो.

२०१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कॅनडाचं उडतं लँकेस्टर ब्रिटनला आलं होतं. जगात उडणारी लँकेस्टर दोनच, आणि ती दोन्ही एकत्र. ईस्ट कर्कबीला तर वरून ती दोन आणि खाली चारही इंजिनांनी गरजणारं जस्ट जेन, असं तिन्हींचं दृश्य झालं. काही ठिकाणी त्यांच्यासोबत व्हल्कन बाँबरही उडालं. व्हल्कनची शेवटची झेप २८ ऑक्टोबर २०१५ ची. विमान तोवर चालू स्थितीत होतं. ज्या कंपन्यांच्या तांत्रिक हमीवर त्याचा परवाना टिकून होता, त्यांनी ती हमी पुढे देणं थांबवलं. गुंतागुंतीच्या जेट विमानांचं असंच होतं. पैसा उभा राहतो, हमी देणारे अनुभवी अभियंते राहत नाहीत.

इथे एक मॉस्किटोही आहे, अनेक तुकडे जुळवून उभं केलेलं. लाकडी विमान. ब्रिटनमधलं शेवटचं उडतं मॉस्किटो २१ जुलै १९९६ ला बार्टनच्या कार्यक्रमात कोसळलं आणि दोघे मरण पावले. वरच्या वळणात कार्ब्युरेटरच्या दोषाने एका इंजिनाची शक्ती गेली आणि सावरण्याइतकी उंची नव्हती. त्यानंतर जगात कुठेच मॉस्किटो उडत नव्हतं, २०१२ मध्ये न्यूझीलंडला नवं लाकूड घालून एक उभं राहीपर्यंत. तिथे सर्वांत अवघड काम साच्यांचं होतं. धडाचे दोन अर्धे भाग साच्यावर पातळ लाकडाचे थर चिकटवून बनतात. मूळ साचे नाहीसे झालेले, ते ग्लिन पॉवेल यांनी नव्याने बनवले. भारतातही १९४४ च्या अखेरीस मॉस्किटोंची उड्डाणं काही काळ थांबवली होती, पंखाच्या वरच्या सालाचे जोड सुटू लागल्याने.

गुरुवार

केंब्रिजकडे परतीचा प्रवास. हवामानाचा अंदाज बघायला हाच दिवस. ढगांची खालची कड आणि धावपट्टीला आडवा येणारा वारा, एवढे दोनच आकडे बघावेत. ढग खाली असतील तर गिरक्या रद्द होऊन सपाट कार्यक्रम होतो. आडवा वारा जास्त असेल तर शेपटीचं चाक असलेली विमानं निघतच नाहीत, पाऊस नसला तरी.

शुक्रवार : डक्सफर्ड, आदला दिवस

व्हिटल्सफर्ड पार्कवे स्टेशनहून अंतर तीनेक किलोमीटर, गाडीने एम ११ च्या दहाव्या फाट्यावर. शुक्रवारी गर्दी कमी, पाहुणी विमानं येत असतात, सराव चालू असतो. हँगरमधली विमानं आजच बघून घ्यावीत, उद्या तिकडे पाय ठेवायला वेळ मिळणार नाही. दुसऱ्या हँगरमध्ये उडती विमानं, दुरुस्तीसाठी उघडलेली. तळाशी ठेवलेले तेलाचे ट्रे बघून इंजिनाचा प्रकार ओळखता येतो. गोल, म्हणजे रेडियल इंजिन असेल तर ट्रे नक्की भरलेला असतो.

त्यामागचं कारण उद्या बी-१७ ‘सॅली बी’ किंवा डकोटा चालू होताना दिसेल. रेडियल इंजिनात काही सिलिंडर उलटे लटकलेले असतात. विमान उभं राहिलं की तेल झिरपून त्यांत उतरतं. तेल दाबलं जात नाही, म्हणून तसंच स्टार्टर मारला तर पिस्टनचा दांडा वाकतो, आणि तो वाकलेला दांडा काही तासांनी हवेत तुटतो. म्हणून आधी कामगार पंख्याची पाती हाताने ओढत फिरवतात. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही आणि उलटंही फिरवायचं नाही, कारण उलट फिरवल्याने तेल हवा आत घेणाऱ्या नळीत जातं आणि नंतर पुन्हा खाली उतरतं. खालच्या सिलिंडरचे स्पार्क प्लग काढून तेल बाहेर सोडणं हाच उपाय.

द फायटर कलेक्शनचं स्पिटफायर मार्क १४, एमव्ही २९३. हे भारतात आलेलं, बंगळुरूजवळ जलाहळ्ळीला प्रशिक्षणाचा सांगाडा म्हणून राहिलेलं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑर्मंड हेडन-बेली यांनी भारतातून आठ स्पिटफायर विकत घेतली, त्यांतलं हे एक. अनेक वर्षं ते एमव्ही २६८ या क्रमांकाने आणि जेई-जे या अक्षरांनी रंगवलेलं होतं, म्हणून जुने फोटो चाळताना गोंधळ होतो. याला पाच पात्यांचा पंखा आणि ३६.७ लिटरचं ग्रिफन इंजिन. आधीच्या मर्लिनचं २७ लिटरचं. ग्रिफनचा पंखा मर्लिनच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे उड्डाण घेताना विमान दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. मर्लिनची सवय लागलेल्या वैमानिकाचा पाय चुकीच्या रडरवर गेला तर सरळ धावपट्टीबाहेर. ते चालू होताना मोठा बार होतो. बंदुकीच्या काडतुसासारखं काडतूस स्टार्टरमध्ये फुटतं.

शनिवार : डक्सफर्ड

दारं उघडण्याआधी रांगेत उभं राहावं. घडीची खुर्ची पहिल्या रांगेत टाकून, मग विमानांच्या रांगेतून फिरण्याचं वेगळं तिकीट असेल तर सकाळीच वापरावं. डक्सफर्डला प्रेक्षक उत्तरेकडे आणि तोंड दक्षिणेकडे, म्हणजे दुपारभर ऊन समोर. फोटोत विमान काळं दिसतं. एक ते दीड स्टॉप जास्त उजेड द्यावा, किंवा चारपर्यंत कॅमेरा ठेवून नुसतं बघावं. नंतर ऊन उजवीकडे सरकतं.

स्पिटफायर चालू होताना जवळून बघण्यासारखं बरंच आहे. थंड इंजिनाला हातपंपाने तीन-चार हापसे पेट्रोल द्यायचं. कमी पडलं तर इंजिन दोनदा खोकून बंद. जास्त झालं तर धुराड्यांतून ज्वाळा, म्हणूनच पंखाजवळ आगीचा बंब घेऊन माणूस उभा असतो. तेव्हा स्टार्टर थांबवायचा नसतो, इंजिन फिरत राहिलं की ज्वाळा विझते. नंतर तेल १५ अंश आणि शीतक ६० अंशांपर्यंत तापल्याशिवाय जोर द्यायचा नाही. जोर तपासताना शेपूट उचलली जाऊ नये म्हणून एक-दोघे तिच्यावर टेकतात. इथून घड्याळ उलटं धावू लागतं. सुरुवातीच्या मार्कांत रेडिएटर एकच, उजव्या पंखाखाली, आणि उतरलेल्या चाकाचा पाय बरोबर त्याच्या समोर येतो. जमिनीवर हवा मिळत नाही, पारा चढत राहतो. म्हणून दहा-पंधरा स्पिटफायर एकत्र उडवायची तर चालू करण्याचा क्रम कागदावर ठरलेला असतो. पुढच्या एकाने वेळ घेतला तर मागचे उकळू लागतात आणि इंजिन बंद करून रांगेतून बाहेर पडतात. एखादं कमी दिसलं तर बहुतेक वेळा कारण हेच.

हवेत जमायलाही दहाएक मिनिटं लागतात. मार्क १ आणि मार्क १४ च्या वेगात फार फरक असल्याने सगळ्यांचा वेग सर्वांत हळू विमानाने ठरतो. १९९३ पासून २०१९ पर्यंत इथे चाललेल्या ‘फ्लाइंग लेजंड्स’ मेळ्यात या वेळात एकच विमान येऊन मैदानावर कसरती करत असे. त्याला सगळे ‘जोकर’ म्हणत आणि मागून येणाऱ्या अवाढव्य ताफ्याला ‘बाल्बो’. जुन्या प्रेक्षकांच्या बोलण्यात आजही हीच दोन नावं सारखी येतात. त्याच मेळ्यात जुलै २०११ मध्ये मस्टँग ‘बिग ब्यूटिफुल डॉल’ आणि स्कायरेडर हवेत धडकले. मस्टँगचा वैमानिक हवाई छत्रीने उतरला, स्कायरेडर पंखाचं टोक गमावूनही धावपट्टीवर आलं. १९९७ च्या ऑक्टोबरात तर खरं जर्मन इंजिन असलेलं मेसरश्मिट १०९ ‘ब्लॅक सिक्स’ इथल्याच कार्यक्रमात शेतात उलटलं. वैमानिक वाचला, विमान पुन्हा उभं केलं, पण परत उडवलं नाही. आज जे मेसरश्मिट म्हणून उडतं ते बहुधा स्पेनमध्ये बनलेलं बुचोन असतं; त्यात मर्लिनच बसवलेलं असल्याने हनुवटी खाली फुगलेली दिसते.

ऑगस्ट २०१५ मध्ये शोरमला हंटर विमान रस्त्यावर कोसळून ११ लोक गेले. तेव्हापासून विमानं प्रेक्षकांपासून आणि रस्त्यांपासून जास्त लांब ठेवतात. एम ११ डक्सफर्डच्या धावपट्टीच्या पूर्व टोकाला अगदी लागून आहे, म्हणून विमानं त्या बाजूला कशी वळतात, हे मुद्दाम बघावं. जुन्या फोटोंतली जवळीक आता मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

कार्यक्रम संपला की सगळे गाड्यांकडे धावतात आणि बाहेर पडायला तासभर रांग लागते. तोवर खुर्ची सोडू नये. पाहुणी विमानं साडेपाचनंतर आपापल्या तळाकडे निघतात, ऊन तेव्हा बाजूने येतं, आणि वैमानिक निरोप म्हणून धावपट्टीवरून एक खालची फेरी मारतात. पुढची रांग रिकामी, शटर १/२०० वर.